वारणा सहकारी जीर्णीकरण संघ (नियोजित)

वारणेच्या खोऱ्यात माल शिळा झाला की भाव पडतो, एवढं अर्थशास्त्र शेंबड्या पोरालाही कळतं. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला तर वजन घटतं आणि साखरेचा उताराही घटतो. सकाळचं दूध दुपारी डेअरीत नेलं तर तसंच परत आणावं लागतं. म्हैस उताराला लागली की गिऱ्हाईक आधी दात बघतं. अशा मुलखात परवा एक वस्तू आली. ती झिजलेली आहे म्हणून तिचा भाव चढा आहे, आणि ती झिजली कुठं, तर ज्या कारखान्यात तयार झाली तिथंच.

वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. मागवली एका ऊस बागायतदाराच्या चिरंजीवांनी. खोकं सोप्यात उघडलं तेव्हा घरची सगळी भोवती जमली होती. आत एक गिटार निघाली. रंगाचे पोपडे उडून खालचं लाकूड उघडं पडलेलं, स्क्रू गंजलेले, पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. पाठीवर पट्ट्याच्या बक्कलानं ओरबाडल्याच्या खुणा, आणि वरच्या टोकाला, जिथं वादक तारेत अडकवून सिगारेट ठेवतात म्हणे, तिथं चटका.

बागायतदार आबा म्हणाले, "ट्रान्सपोर्टवाल्यानं आपटली रं. फोटू काढून ठेव, भरपाई मागू."

चिरंजीव म्हणाले, "आबा, त्ये फिनिश हाय."

"कशाचं फिनिश?"

"रेलिक म्हणत्यात. हेवी रेलिक."

आबांना किंमत कळायला आणखी दोन दिवस लागले. चार लाख. मग त्यांनी हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५०. चार लाखांना झाला ११२ टनांहून जास्त ऊस, आणि तोही तोडणी-वाहतूक वजा न करता. एकरी पंचेचाळीस टन धरले तर अडीच एकर. लागणीपासून तोडीपर्यंत अडीच एकर रान राबवलं आणि पदरात काय पडलं, तर पोपडे! बरं, पोराला गिटार वाजवता येते का? तीन कॉर्ड येतात. चौथ्याचं शिक्षण चालू आहे.

आता या पोपड्यांचा इतिहास सांगायला हवा, कारण तो आमच्या सहकाराइतकाच नियोजनबद्ध आहे. अमेरिकेत फेंडर नावाची कंपनी आहे. तिची स्ट्रॅटोकॅस्टर गिटार १९५४ साली बाजारात आली. त्या काळच्या गिटारींना नायट्रोसेल्युलोजचं पातळ लॅकर असायचं, मोटारगाड्यांना मारत तेच. हे लॅकर वर्षानुवर्षं आक्रसतं, थंडीत तडकतं, घामानं आणि हाताच्या घासण्यानं उडून जातं. तीस-चाळीस वर्षं रोज वाजवलेल्या गिटारी अशा दिसायला लागल्या, त्यांचे मालक जगप्रसिद्ध झाले आणि त्या गिटारींचे भाव आभाळाला भिडले. ज्यांना ते भाव परवडेनात त्यांच्यासाठी कंपनीनं सोय काढली. असं सांगतात की रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्ससाठी जुन्या धाटणीच्या गिटारी नव्यानं बनवल्या, तेव्हा तो म्हणाला, फार नव्या दिसतात, जरा ठोकून काढा. खरंखोटं कीथ जाणे. पण १९९५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात फेंडरच्या कस्टम शॉपनं ठोकून काढलेल्या गिटारी मांडल्या आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. सुरुवातीला ही ठोकाठोकी विन्स क्युनेटो नावाचा कारागीर बाहेरून करून द्यायचा. पुढं गिब्सननंही याच कामासाठी 'मर्फी लॅब' काढली. झिजवायला प्रयोगशाळा!

यात प्रतवारीही आहे. दुधात जशी फॅट आणि एसएनएफ बघून दर ठरतो, तशी इथं झीज बघून किंमत ठरते. 'न्यू ओल्ड स्टॉक' म्हणजे जुनी पण दुकानातून न हललेली. 'क्लॉझेट क्लासिक' म्हणजे हौसेनं घेतली, चार दिवस वाजवली आणि कपाटात टाकली. (ही प्रत आमच्याकडे दहावीच्या निकालानंतर घरोघरी आपोआप तयार होते, तिला कोणी जादा पैसे देत नाही.) मग 'जर्नीमन', मग 'रेलिक', मग 'हेवी रेलिक'. वर प्रत्येक गिटारीसोबत कंपनीचं अस्सलपणाचं प्रमाणपत्र. खोट्या झिजेला खरं प्रमाणपत्र, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आमच्या कोणत्याही संस्थेत बिनविरोध निवडून आणायला हरकत नाही.

हे सगळं समजल्यावर माझ्या मनात विचार आला की एवढा धंदा कॅलिफोर्नियानं का करावा? जीर्णीकरणाला लागणारी सगळी यंत्रसामग्री वारणानगरात एका आवारात तयार आहे. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर साखर कारखाना उभा केला, दूध संघ काढला, बझार काढला, शाळा-कॉलेजं काढली, मुलांचा बालवाद्यवृंद काढून तो गावोगावी नेला. १९९८ साली सत्तर गावांत संगणक पोचवण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पही इथंच झाला. तेव्हा आणखी एका संस्थेला जागा नक्की निघेल.

तांत्रिक बाजू सांगतो. लॅकरला तडे पाडायचे असतील तर गिटार आधी गोठवतात आणि मग एकदम गरम हवा मारतात. लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या वेगानं आक्रसतात-फुगतात, आणि पृष्ठभागावर आडव्या रेषांचं जाळं उमटतं. यासाठी परदेशी लोक डीप फ्रीजर आणि हीट गन विकत घेतात. आमच्याकडे अलीकडे श्रीखंडाचं शीतगृह, पलीकडे कारखान्याचा बॉयलर. मधलं अंतर एक कामगार गिटार काखेत मारून चालत जाईल.

स्क्रू आणि पत्रे गंजवायला ते लोक झाकणाच्या बादलीत अ‍ॅसिड ओततात आणि त्याच्या वाफेवर लोखंड टांगून ठेवतात. आपल्याकडे साखर पांढरी करायला गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडतातच. त्या विभागात दोन दिवस गिटारीचे स्क्रू टांगून ठेवले तर जादा खर्च शून्य. गंधकाची कला जिल्ह्याला नवी नाही. हुपरीत चांदी गंधकाच्या पाण्यात काळी करून 'ऑक्सिडाइज्ड' म्हणून विकतात, आणि आमच्या आज्या ज्या काळेपणावर राख आणि चिंच घेऊन तुटून पडायच्या तो नाती दुकानात निवडून घेतात. प्लॅस्टिक पिवळं करायला चहाचं पाणी लागतं. एसटी स्टँडसमोर सकाळी सहापासून उकळणारं भांडं त्यासाठी आरक्षित करता येईल.

अडचण येईल ती पाठीवरच्या बक्कलाच्या खुणांची. जुन्या पिढीतले आमचे सभासद धोतर नेसत, त्यांना पट्टाच नव्हता. त्यांनी जन्मभर गिटार वाजवली असती तरी पाठ कोरी राहिली असती. पण हे काम ट्रॅक्टरवर सोपवता येईल. गिटार मडगार्डवर बांधायची आणि गळीत हंगामभर कोडोलीच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांसोबत फिरवायची. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे 'हेवी रेलिक'. कारखाना लवकर बंद पडला तर 'जर्नीमन'. त्याहून वरची प्रत हवी असेल तर पावसाळ्यात पन्हाळ्यावर एखाद्या पडवीत ठेवायची. तिथल्या धुक्यात माणसाच्या चपलेला बुरशी येते, गिटारीचं काय घेऊन बसलात!

उजव्या कोपराची झीज मात्र जपून करायला हवी, कारण यात परदेशी मालाची फजिती मी डोळ्यांनी पाहिली. वादकाचा हात जिथं टेकतो तिथला रंग उडवून पाठवलेला असतो. चिरंजीवांनी गिटार गळ्यात घातली तर त्यांचं कोपर त्या जागेपासून चांगलं चार बोटं लांब. म्हणजे ही झीज दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताची. पोरगा आता खांदा वाकडा करून वाजवतो, खुणेशी जमवून घ्यायला. आई म्हणते, "त्याला वाताचं काय झालंय का बघा."

हे सारं मिरजेच्या माणसाला सांगितलं तर तो तोंडात बोट घालील. वारणानगरपासून तास-दोन तासांवर तंतुवाद्यांची ती गल्ली आहे. तलवारींना धार लावणारं शिकलगार घराणं. १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांनी शस्त्रं सोडून तंबोरे हातात घेतले आणि पुढच्या पिढ्यांनी भारतभरच्या गवयांना पुरवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं जुनं वाद्य येतं ते दुरुस्तीला. तारा घासून घासून घोडीवर चर पडतात, आवाज बसतो, मग कारागीर कानस घेऊन बसतो आणि जवारी पुन्हा काढतो. एक घासणी, एक छेड, कान लावून ऐकणं, पुन्हा घासणी. भोपळ्याला तडा असेल तर सांधतो, पॉलिश करतो, आणि पन्नास वर्षांचा तंबोरा नवरीसारखा परत पाठवतो. झीज हा तिथं आजार आहे. त्या कारागिराला उद्या कोणी सांगितलं, नवा तंबोरा द्या पण भोपळा जरा चेपून द्या, तर तो गिऱ्हाइकाला आधी पाणी पाजेल आणि मग घरचा पत्ता विचारील.

तरी आपला भाग अगदीच मागासलेला नाही. हायवेवर 'चुलीवरचं' हॉटेल बघा. स्लॅब गेल्या वर्षी पडला, भिंत सिमेंटची, वर शेणामातीच्या रंगाचा डिस्टेंपर. दारात बैलगाडीचं चाक, जे कधीच रस्त्यावर फिरलेलं नाही. कंदिलात एलईडी. पाटीवर 'चुलीवरचं मटण' आणि मागच्या दाराला गॅसच्या टाक्यांची रांग. याला आपण इतके दिवस फसवणूक म्हणत होतो. कॅलिफोर्नियाच्या भाषेत हे 'हेवी रेलिक' मटण आहे, आणि थाळीचा दर बघता त्याला प्रमाणपत्रही द्यायला हरकत नाही.

ज्या गिटारींपासून हे वेड फोफावलं त्यांतली एक रोरी गॅलाघर या आयरिश वादकाची. १९६३ साली कॉर्क शहरातल्या दुकानातून पोरानं ती शंभर पौंडांना हप्त्यांवर घेतली. चोरीला गेली, पावसात पडून राहिली, सापडली. पुढं तीस वर्षं तो ती वाजवत राहिला आणि त्याच्या घामानं तिचा रंग असा खाल्ला की लाकूडच उरलं. रेलिक गिटारी प्रदर्शनात आल्या त्याच १९९५ सालच्या जूनमध्ये तो गेला. नंतर कंपनीनं त्याच्या गिटारीची हुबेहूब नक्कल विकायला काढली, घामासकट. म्हणजे घामाच्या खुणांसकट, घाम गिऱ्हाइकानं आपापला आणायचा.

घामाचं निघालंच आहे तर, फडातही एक वस्तू असते. बीडकडून आलेल्या तोडणी कामगाराच्या हातातला कोयता. मूठ इतकी गुळगुळीत की तिच्यात बोटांचे खड्डे दिसतात. पातं दरवर्षी घासून घासून निम्म्यावर आलेलं. नवऱ्या-बायकोच्या जोडीलाही मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' असंच लिहितात, आणि त्या नावापुढं उचलीचा आकडा असतो. या कोयत्याइतकी अस्सल झीज कुठल्याही प्रयोगशाळेला जमलेली नाही. तिच्यापायी उचलीतून मात्र एक रुपया कमी झाल्याचं ऐकिवात नाही. तीच गत तालमीतल्या मोडलेल्या कानांची. डिसेंबरात तात्यासाहेबांच्या स्मृतीनिमित्त वारणेत कुस्त्यांचं मैदान भरतं, तिथं असे कान हजारोंनी दिसतात. तरुणांना ते दोन महिन्यांत, मातीत न उतरता हवे असतील तर संघ दुसऱ्या टप्प्यात विचार करील.

तर असा सगळा आराखडा तयार करून नियोजित संघाची नोटीस आम्ही चावडीपुढच्या फळ्यावर लावली. भागभांडवल, प्रतवारी, गाळप क्षमता रोज चार गिटारी, सगळं रीतसर. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत हयात घालवलेले एक म्हातारबा. काखेत बेंजो. टाइपरायटरसारख्या पट्ट्या बोटांनी खोलगट झालेल्या, एक पट्टी सायकलच्या स्पोकनं जोडलेली, पेटीच्या रंगाचा मागमूस नाही, कडांना गुलाल इतका मुरलेला की धुतला तरी जाणार नाही.

"ह्यो घ्या," म्हातारबा म्हणाले. "चाळीस गणपती वाजलाय. जुनं पायजे म्हनून लिवलंय न्हवं?"

नियोजित सचिवांनी बेंजो उलटापालटा करून बघितला. प्रमाणपत्र विचारलं. नव्हतं. कोणत्या प्रतीत बसतो ते तक्त्यात शोधलं. बसेना. मग चष्मा काढून त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "बाबा, ह्यो खराच झिजलाय. पोटनियमात बसत न्हाई. असं करा, आधी रंग देऊन नवा करून आणा. मग आम्ही जुना करून देतो. नोंद पुढच्या हंगामात."