ओळखीच्या माणसाकडील ठेव

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली असता महाराष्ट्रातील पगारदार गृहस्थाच्या वर्तनात जे पालट दिसू लागतात, त्यांपैकी पहाटे फिरायला जाणे आणि रक्तातील साखर वारंवार तपासणे यांची दखल वैद्यकशास्त्राने घेतली असली, तरी व्याजदरांविषयी एकाएकी उत्पन्न होणाऱ्या त्याच्या तीव्र जिज्ञासेकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्याने तीस वर्षे पगाराची स्लिप न वाचताच फायलीला लावली, तोच गृहस्थ आता बँकेच्या शाखेतील व्याजदरांचा फलक चष्मा पुसून, तळटिपांसह आणि ओठ हलवत वाचू लागतो. कारण उघड आहे. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल मालकाने कायद्यानुसार द्यावयाची रक्कम, आणि शिल्लक रजेचा पगार असे तिन्ही पैसे आयुष्यात प्रथमच आणि शेवटचेच एकरकमी हाती पडणार असतात, व ते गेल्यास पुन्हा कमावण्याचे वय उरलेले नसते. त्यामुळे ‘जोखीम अजिबात नको’ हा निर्णय त्याने केव्हाच घेतलेला असतो. शोध चालतो तो जोखीम कोठे नाही याचा, आणि तो शोध ज्या मापाने चालतो ते माप असते ओळखीचे.

या मापाचे स्वरूप थोडे तपशिलात पाहणे उचित ठरेल. एखादी संस्था सुरक्षित आहे की नाही हे ठरवताना तिचा ताळेबंद, थकीत कर्जांचे प्रमाण किंवा लेखापरीक्षकाने दिलेला वर्ग पाहावा, असे शास्त्र सांगते. गृहस्थ मात्र काउंटरपलीकडे बसलेला माणूस आपल्याला नावाने हाक मारतो की नाही हे पाहतो. राष्ट्रीयीकृत बँकेत टोकन घेऊन पाऊण तास बसावे लागते, दर तीन वर्षांनी बदलून येणारा अधिकारी मराठी शिकेपर्यंत त्याची पुन्हा बदली होते, आणि ‘लंच टाइम’ ही संकल्पना तेथे लवचीक असते. सबब ती बँक परकी, व परकी म्हणून संशयास्पद. उलट चौकातल्या पतसंस्थेत शिरताच चहा येतो, ‘काका, या’ असे म्हटले जाते, भिंतीवर संतांची व देवींची छायाचित्रे असतात, आणि चेअरमन मुलीच्या लग्नाला येऊन, आहेर देऊन, पंगतीत शेवटपर्यंत बसलेले असतात. जो माणूस जिलबी वाढून घेताना दिसला तो ठेव बुडवील हे मराठी मनाला पटत नाही. त्यातून ही संस्था पाव-अर्धा नव्हे, तर दोन टक्के जास्त देते. एवढे जादा व्याज देणे संस्थेला कसे परवडते, हा प्रश्न विचारणे लग्नातील आहेराची किंमत विचारण्याइतके अशिष्ट मानले जाते.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तो न कळल्याने कित्येकांची झोप उडालेली आहे. सहकारी बँक आणि सहकारी पतसंस्था या दोहोंच्या पाट्यांवर ‘सहकारी’ असते, दोन्हींची वार्षिक सभा सारखीच गाजते आणि दोन्हींत भेटीदाखल स्टीलचा डबा मिळण्याची परंपरा आहे. परंतु सहकारी बँक ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालते व तिच्यातील ठेवींना विमा असतो, तर पतसंस्था ही राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली, सभासदांची आपसांतील संस्था असून तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. सगळ्या पतसंस्था वाईट असतात असे मुळीच नाही. अनेक उत्तम चालतात आणि लहान दुकानदाराला, भाजीवाल्याला जेथे बँक उभे करत नाही तेथे त्या कर्ज देतात. पण निवृत्तीची सगळी पुंजी आणि विम्याचा अभाव ही जोडी जुळवण्यास विशेष धैर्य लागते, आणि मौज अशी की ते धैर्य, शेअर बाजार हा शब्द ऐकताच छातीवर हात ठेवणाऱ्या माणसापाशीच प्रामुख्याने आढळते.

ठेव विमा म्हणजे बँक बुडाल्यास किंवा तिच्यावर निर्बंध आल्यास ठेवीदाराला ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम परत देण्याची व्यवस्था होय. १९६० मध्ये दोन बँका बुडाल्यावर तिची निकड भासली, आणि १ जानेवारी १९६२ रोजी ती प्रत्यक्षात आली. तेव्हा विम्याची मर्यादा दर ठेवीदारामागे १,५०० रुपये होती. ती वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाख झाली, पुढे सत्तावीस वर्षे तेथेच थांबली, आणि ४ फेब्रुवारी २०२० रोजी पाच लाखांवर गेली. या शेवटच्या वाढीच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध येऊन खातेदारांना आरंभी फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली होती, आणि पुण्याच्या रुपी बँकेचे ठेवीदार तर २०१३ पासून निर्बंधांखाली वाट पाहत होते. निर्बंध आल्यापासून साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळावी अशी तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने झाली, हे त्यातल्या त्यात बरे.

पाच लाखांच्या या मर्यादेत मुद्दल आणि व्याज दोन्ही मोजले जातात, आणि एकाच बँकेच्या सर्व शाखांतील रक्कम एकत्र धरली जाते. हा दुसरा मुद्दा अनेक दूरदर्शी गृहस्थांच्या व्यूहरचनेवर पाणी फिरवतो, कारण सदाशिव पेठ, कोथरूड आणि सिंहगड रस्ता अशा एकाच बँकेच्या तीन शाखांत ठेवी विभागून आपण जोखीम विभागली अशा समाधानात ते असतात. प्रत्यक्षात विभागले गेलेले असते ते त्यांचे पेट्रोल. मात्र याच नियमांत एक अशी तरतूद आहे की जिचा सामाजिक परिणाम अभ्यासण्याजोगा ठरावा. पती-पत्नींच्या संयुक्त खात्यांपैकी एकात पतीचे नाव आधी आणि दुसऱ्यात पत्नीचे नाव आधी असेल, तर ती दोन वेगळ्या हक्कांतील खाती समजून प्रत्येकाला स्वतंत्र पाच लाखांचे संरक्षण मिळते. लग्नपत्रिकेपासून दारावरच्या पाटीपर्यंत कोठेही पहिले न आलेले पत्नीचे नाव पहिले लिहिण्यास समाजसुधारकांना जे बळ एकवटावे लागले असते, ते काम ठेव विमा महामंडळाच्या नियमाने आवाज न करता करून टाकले आहे.

सरकारी अल्पबचत योजनांकडे गृहस्थ शेवटी वळतो, तेही निरुपायाने. वस्तुतः जोखीम नको असणाऱ्यासाठी याहून सरळ जागा नाही, कारण येथे हमी केंद्र सरकारचीच असते आणि पाच लाखांची अटही आड येत नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ मध्ये सुरू झाली; २०२३ मध्ये तिची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के झाला. दर सरकार तिमाहीगणिक जाहीर करते, पण खाते उघडताना जो दर असेल तो त्या खात्याला पाच वर्षे कायम राहतो. पूर्ण ३० लाख ठेवल्यास ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येते, जे उचलावे लागते. पडून राहिले तर त्या व्याजावर व्याज मिळत नाही, आणि ते करपात्रही असते.

सर्वसाधारण वयोमर्यादा ६० ची, परंतु राज्य सरकारच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना ५८ व्या वर्षीच घरी जावे लागत असल्याने, ५५ ते ६० या वयातील निवृत्तांनाही हे खाते उघडता येते, अट इतकीच की निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते उघडावे. २०२३ पर्यंत ही सवलत एकच महिन्याची होती. सरकारने ती का वाढवली असावी याविषयी तर्क करता येतो. पहिला महिना सत्कार, शाल-श्रीफळ आणि सत्यनारायण यांत जातो; दुसरा साडू, मेहुणा आणि ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीस यांच्या सल्ल्यांत जातो, ज्यांतील प्रत्येकाने दुसऱ्याच योजनेत पैसे घातलेले असतात; आणि तिसऱ्या महिन्यात जावई येऊन मोबाइलवर शेअर बाजाराचा वर चढणारा आलेख दाखवतो, त्यामुळे घाबरून जाऊन गृहस्थ एकदाचा पोस्टाची पायरी चढतो. जावयाच्या या अप्रत्यक्ष योगदानाची नोंद अल्पबचतीच्या कोणत्याही अहवालात होत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांतील विनोद अधिक गंभीर प्रकृतीचा आहे. रोखा म्हणजे सरकारने कर्ज घेतल्याची लेखी कबुली. हे रोखे सात वर्षांचे असतात, त्यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दराहून ०.३५ टक्क्याने अधिक असतो व दर सहा महिन्यांनी नव्याने ठरतो. ज्येष्ठांना ते मुदतीआधी मोडता येतात, पण वयाच्या मानाने: ६० ते ७० वयाच्या ठेवीदाराने सहा वर्षे थांबावे, ७० ते ८० च्याने पाच, आणि ८० ओलांडलेल्याने चार. म्हणजे सरकारने ठेवीदाराच्या आयुष्याचा अंदाज एका कोष्टकात मांडून दिला असून, त्यावर सही करताना पेन किंचित थबकते.

एवढी सगळी काळजी घेऊनही एक जोखीम राहते, आणि ती ओळखीच्या मापात येत नाही, कारण तिला चेहरा नाही. महागाई वर्षाला सहा टक्के राहिली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. वर सांगितलेले ६१,५०० रुपये अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवढे धान्य, औषधे आणि रिक्षाभाडे पुरवतात, सत्तराव्या वर्षी त्याच्या निम्मे पुरवतील, आणि पासबुकातील आकडा मात्र तसाच टवटवीत दिसेल. या मुद्द्यावर गृहस्थ ऐकून घेतो आणि लगेच पीपीएफला १२ टक्के मिळत त्या काळाकडे वळतो. तो दर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत खरोखरच होता. त्या वर्षांपैकी अनेक वर्षी महागाईही दोन अंकी होती, ही आठवण मात्र कोणाला राहिलेली नाही. सर्व पुंजी एकाच मुदतीत व एकाच दराने अडकवण्याऐवजी ती निरनिराळ्या मुदतींत विभागावी, म्हणजे दरवर्षी एखादी ठेव मोकळी होऊन त्या वेळच्या दराने पुन्हा ठेवता येते, एवढा उपाय तरी करण्याजोगा आहे. थोडा भाग वाढत्या उत्पन्नाच्या साधनांत ठेवावा असेही जाणते सांगतात, पण तेथे पुन्हा जावयाचा विषय निघतो.

सर्वांत मोठी जोखीम गृहस्थ स्वतः निर्माण करतो, आणि ती म्हणजे गुप्तता. कोणत्या बँकेत किती ठेव आहे हे पत्नीला सांगितल्यास ते तिच्या माहेरी कळेल, मुलांना सांगितल्यास त्यांची कष्टाची सवय मोडेल, या भयाने तो पावत्या कपाटात, साड्यांच्या जुन्या खोक्यात, बँकेच्या कॅलेंडरमागे अशा तीन ठिकाणी ठेवतो, आणि नॉमिनीचा, म्हणजे पश्चात रक्कम स्वीकारणाऱ्याचा, रकाना ‘नंतर बघू’ म्हणून कोरा सोडतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतील ठेवीला चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. ज्याला एक सुचला नव्हता त्याच्यापुढे आता चार जागा रिकाम्या आहेत. मुदत संपूनही दहा वर्षे ज्या ठेवीवर कोणी हक्क सांगत नाही ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग होते, आणि जन्मभर कोणाला काही न सांगणाऱ्या माणसाचे पैसे इतर ठेवीदारांना जागे करण्याच्या कामी येतात. वारसांना ती रक्कम पुढेही मागता येते, पण मागण्यासाठी ती कोणत्या बँकेत होती हे आधी ठाऊक असावे लागते. निवृत्तीच्या जवळ आलेल्या वाचकाने तेव्हा सर्व ठेवींची यादी एका कागदावर लिहून घरातील दुसऱ्या माणसाच्या हाती द्यावी, आणि चौकातल्या पतसंस्थेची पावती तिच्यातून वगळू नये.