डावा आरसा आणि पाण्याची सोय

खानदेशात पाणी टिकत नाही, ही तक्रार जुनी आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकला की विहिरी तळ दाखवतात, सकाळी भरलेली कूलरची टाकी दुपारी खडखडाट करते आणि माठातलं पाणी प्यायच्या आधीच कमी झालेलं असतं. या मुलखात पाणी धरून ठेवणारी एकच जागा माझ्या पाहण्यात आहे. ती माझ्या गाडीच्या डाव्या आरशात आहे.

आरसा बटणावर हलणारा आहे. शोरूममध्ये हे बटण फार कौतुकाने दाखवतात. काचेच्या मागे प्लास्टिकची एक ताटली, तिच्या मागे दोन बोटभर मोटरी: एक काच वर-खाली करते, दुसरी डावी-उजवी. आरसा आपोआप मिटणारा असेल तर तिसरी मोटर बुडाशी. शिवाय वळणाचा दिवाही हल्ली तिथेच असतो. हा सगळा 12 व्होल्टचा संसार गाडीच्या बाहेर, उन्हापावसात टांगलेला. काच हलायची म्हटल्यावर तिच्या चारी बाजूंनी फट ठेवावीच लागते. म्हणजे पाणी आत जाणार, हे ज्यांनी आरसा बनवला त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी खालच्या बाजूला एक भोक ठेवलं आहे. काडेपेटीतली काडी जाईल, एवढं.

आमच्या भागाला हे शास्त्र नवं नाही. पांझरेवर फड पद्धतीचे बंधारे कित्येक पिढ्या चालले, आणि आत घेतलेल्या पाण्यातलं जास्तीचं पाणी परत नदीला लावून द्यायला सांडवा लागतो, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागलं नाही. विश्वेश्वरय्या 1884 साली नोकरीला लागले, तेव्हा सुरुवातीलाच पांझरेच्या एका पाटावर पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ते पुरंही केलं. एका तोंडाने आत गेलेलं पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर आलं पाहिजे, एवढीच अट होती. माझ्या आरशाला पहिलं तोंड आहे.

दुसरं काळ्या मातीने बुजवलं. ही माती कपाशीला आणि केळीला फार मानवते. धुळे-जळगाव रस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकातून उडून ती आरशाच्या बुडाशी बसते आणि एका दुपारच्या उन्हात अशी वाळते की सुईसुद्धा वाकते. त्यावर मागच्या मालकाने हौसेने बसवलेलं क्रोमचं कव्हर आहे. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावलेलं. उरलंसुरलं भोक त्याने झाकलं. दिसतं मात्र छान.

पावसावर मी फार राग धरत नाही. तो आमच्याकडे मोजकाच येतो आणि वरून येतो. वॉशिंग सेंटरवाल्याचं पाणी समोरून येतं. बोअरचं, क्षाराचं, प्रेशरचं. त्या पोऱ्याच्या हातात बंदूक आली की चाकाच्या कमानीतला चिखल तसाच राहतो आणि धार नेमकी काच व कव्हर यांच्यामधल्या फटीत लागते. त्याला वाटतं, आत घाण आहे. आता आहे.

गाडी पुसून, चमकवून मिळते. पैसे देऊन आपण आकाशवाणी चौकापर्यंत येतो आणि आरशाच्या बुडातून एक ओघळ सुटतो. तो नुकत्याच पुसलेल्या दारावरून वाऱ्याने तिरपा होत मागे जातो आणि वाळला की पांढरी रेघ सोडतो. फडक्याने पुसली की दुसरी. चार चौक ओलांडले तरी डावा आरसा गळतच असतो. मात्र सगळं पाणी बाहेर येत नाही. थोडं मोटरीसाठी राहतं. उन्हाने पातळ झालेलं ग्रीस ते आधी धुऊन नेतं, मग कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट बुरशी चढते. त्यानंतर बटण दाबलं की आरसा कर्र करतो, थोडा विचार करतो आणि आकाश दाखवतो.

अजिंठा चौफुलीच्या बाजूला एक इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांनी काचेला कान लावला. म्हणाले, ‘पाणी गेलं असीन, भाऊ. खाली मोटर येत नाही, पूर्ण असेंब्लीच घ्यावी लागीन.’ असेंब्लीचा आकडा ऐकून मी विम्याची पॉलिसी उघडली. क्लेम करताना काचेला घसारा नाही, प्लास्टिकला 50 टक्के. म्हणजे जी काच शाबूत आहे तिचे पूर्ण पैसे मिळाले असते. इंजिन 1500 सीसीपर्यंत असेल तर पहिले हजार रुपये आपण सोसायचे आणि एकदा क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर. तोही इतकी वर्षं गप्प बसून 50 टक्क्यांपर्यंत वाढवलेला. मारुती 800 च्या साध्या मॉडेलला डावा आरसाच नसे, हे मला त्या संध्याकाळी फार आठवलं.

बचावाचे उपाय मला पुष्कळांनी सांगितले. कनेक्टरला सिलिकॉन ग्रीस लावा, भोक कोरून मोकळं ठेवा, काचेवर प्लास्टिकची भुवई चिकटवा, आणि सगळ्यात खात्रीचा म्हणजे गाडी धुताना आरशाला प्लास्टिकची पिशवी घालून रबर बांधा. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी पिशव्या घरात ढीगभर आहेत, त्यातल्या निम्म्या सराफांच्या. सोनं ठेवायला त्या उत्तम. आरशाला बांधली की ती पाणी पिऊन घेते आणि तासभर आरशाला पाजत बसते. दुधाची पिशवी चालते, पण अर्ध्या लिटरची बसत नाही. वॉशिंग सेंटरच्या रांगेत उभं राहून आरशाला दुधाची पिशवी नेसवणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते सांगत नाही.

आमचे साडू धुळ्याला देवपुरात असतात. त्यांची गाडी माझ्यापेक्षा जुनी, आरसे मात्र अजून बटणासरशी हलतात. मी कारण विचारलं. त्यांच्याकडे नळ येतो तो मधले बरेच दिवस गाळून. त्यामुळे गाडीच्या वाट्याला अर्धी बादली आणि एक ओलं फडकं. आरशावरून फडकं फिरतं, फटीत काही जात नाही. टंचाईने इतकी निगा राखलेली वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

परवा त्यांचा फोन आला. घरी बोअरला पाणी लागलंय, म्हणून ऑनलाइन प्रेशर पंप मागवलाय. ऑफरमध्ये नोझलही जास्तीचं मिळालंय म्हणाले. मी अभिनंदन केलं.