अमरीश पुरी येईपर्यंत

सिनेमा पाहिलेला माणूस त्या सिनेमावरच्या गेममध्ये सगळ्यात निरुपयोगी असतो. पुढं काय होणार ते सगळं त्याला ठाऊक असतं, फक्त आत्ता कुठलं बटण दाबायचं तेवढं ठाऊक नसतं. आमच्या घरात हे पद माझ्याकडं आहे आणि बिनविरोध आहे.

नागपूरला नोकरी करणाऱ्या भाच्यानं नवं यंत्र घेतलं आणि जुनं प्लेस्टेशन टू आमच्याकडं पाठवून दिलं. २००० साली बाजारात आलेलं हे यंत्र जगभरात १५ कोटींहून जास्त खपलं आणि २०१३ मध्ये बनायचं थांबलं. आमच्या मुकुटबनला ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, वणीहून येणाऱ्या काळीपिवळीत, कापडी पिशवीतून उतरलं. पिशवीत दोन कंट्रोलर होते, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर होती आणि एकच तबकडी होती : ‘लेगो इंडियाना जोन्स’, २००८ सालची.

तबकडी पाहून माझी छाती फुगली. कॉलेजात असताना इंडियाना जोन्सचे पहिले तिन्ही सिनेमे मी व्हीसीडीवर पाहिले होते. मी घरच्यांना गोळा केलं आणि छोटंसं व्याख्यान दिलं. स्पीलबर्ग, जॉर्ज लुकास, १९८१. मग १९८४ चा दुसरा भाग, ज्याची गोष्ट हिंदुस्थानात घडते. पण आपल्या सरकारला पटकथा रुचली नाही, परवानगी मिळाली नाही, म्हणून ती मंडळी श्रीलंकेत कॅंडीकडं गेली. पोरगं वायर जोडण्यात गुंग होतं, बायको शेंगा सोलत होती. शेवटचं वाक्य मी सहज टाकलं, “अन् त्याच्यात व्हिलन आहे आपला अमरीश पुरी.”

आईनं पोथी मिटली. “कोण, मोगॅम्बो? थो येते याच्यात?”

“येते ना. मोला राम नाव आहे त्याचं. या सिनेमासाठी टक्कल केलं होतं त्यानं.”

“मंग लाव बाबू लवकर.”

त्या दिवसापासून आमच्या घरात हा गेम ‘अमरीश पुरीचा गेम’ झाला. अडचण एवढीच, की आत शिरल्याबरोबर अमरीश पुरी भेटत नाही. आधी पहिल्या सिनेमाचा पहिला टप्पा खेळावा लागतो. पेरू देशातलं जंगल, पडकं देऊळ, सोन्याची मूर्ती. तो टप्पा पार केला की इंडियाना ज्या कॉलेजात शिकवतो तिथं पोचायचं आणि तिथून पुढच्या वाटा. खेळणारे दोघंच. एक इंडियाना, दुसरा त्याचा वाटाड्या सातिपो. पहिला कंट्रोलर ज्येष्ठतेनं मी घेतला, दुसरा बायकोच्या हातात दिला.

“हा माझा कोण?” तिनं विचारलं.

“सोबती आहे. पण पुढं दगा देते.”

“म्हणजे मी दगा देणार म्हणता?”

“तू नाही, सातिपो.”

“मंग सातिपो तुमी व्हा.”

सिनेमा पाहिल्याचा पहिला तोटा तो. दुसरा तोटा तांत्रिक होता. या गेममध्ये पडद्याचे दोन भाग होत नाहीत. ती सोय पुढच्या वर्षी, २००९ च्या दुसऱ्या गेममध्ये आली. इथं दोघांनी एकाच चौकटीत राहायचं. एक जण थांबला की दुसऱ्याला कडेला अडून उभं राहावं लागतं. मला मूर्तीकडं धावायचं होतं. बायकोला झुडपं फोडायची होती, कारण इथं झुडूप, मडकं, खोकं, काहीही फोडलं की चांदीची-सोन्याची बटणं सांडतात आणि तीच या जगातली दौलत. चांदीचं १०, सोन्याचं १००, निळं सापडलं तर १,०००. ती पराटीच्या ओळीत शिरल्यासारखी एका अंगानं वेचत निघाली. मागं बोंड ठेवायचं नाही.

“अगं, पुढं चल ना. पुढं मोठा दगड गडगडत येते, तो खरा सीन आहे.”

“दगड कुठी जात नाही. तो निळा राह्यला तिकडं.”

मी चाबूक काढून दाखवला. म्हणजे दाखवायचा होता. प्रत्यक्षात बटण चुकलं आणि इंडियाना जोन्सनं सातिपोच्या कानाखाली वाजवली. या गेममध्ये सोबत्याला मारता येतं, ही माहिती व्याख्यानात नव्हती. सातिपोच्या हातात फावडं होतं. त्यानंतरचा वेळ आम्ही पेरूच्या जंगलात पुढं गेलोच नाही. जिथं होतो तिथंच एकमेकांचे तुकडे करत बसलो. तुकडे झाले की आपली बटणं आजूबाजूला सांडतात आणि क्षणभरात माणूस पुन्हा जुळून उभा राहतो. माझी सांडलेली सगळी बटणं तिनं वेचली. पोरगं म्हणालं, “बाबा, तुमच्यामुळं आईचा स्कोअर मस्त वाढून रायला.”

अखेर दगड आला. तो मागून येतो आणि आपण पडद्याकडं तोंड करून पळायचं असतं. सिनेमात मी तो कितीदा पाहिलेला, त्यामुळं कुठं वळायचं ते ओरडून सांगत होतो. ओरडण्याच्या नादात पळायचं राहिलं. बायको पुढं निघून गेली होती.

आणि लाईन गेली.

मी अंधारातच सगळ्यांना धीर दिला, “काही नाही होत, लाईन आली की तिथूनच सुरू होते.” पोरगं हळूच म्हणालं, की याला मेमरी कार्ड लागते. मी म्हटलं, कशाला, यंत्रात असतेच. ते यंत्रात नसतं. बोटाएवढं आठ एमबीचं कार्ड पुढच्या खाचेत बसवलं तरच हे यंत्र कालचं आज लक्षात ठेवतं, आणि भाच्यानं पिशवीत ते सोडून सगळं घातलं होतं. लाईन आली तेव्हा आम्ही पुन्हा पेरूत होतो.

असं होता होता पेरूचा तो रस्ता आम्हाला मुकुटबन-झरी रस्त्यापेक्षा पाठ झाला. आई रोज संध्याकाळी यायची, खुर्ची ओढायची, दगड पाहायची आणि विचारायची, “आज तरी येते का रे तो?” मी म्हणायचो, आज येतेच. शेजारच्या काकू विचारून गेल्या, तुमच्याकडं अमरीश पुरी येणार आहे म्हणे. काकूंना ते गेल्याचं माहीत होतं, १२ जानेवारी २००५, तारखेसकट. त्यामुळं त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते मी समजू शकलो.

कार्ड शेवटी भाच्यानं कुरिअरनं पाठवलं आणि पोरानं जाहीर केलं, की पहिला सिनेमा पुरा केल्याशिवाय दुसऱ्यात जायचं नाही. त्यामुळं वाटेत सापांची विहीर लागली. इंडियाना सापाला भितो. गेमवाल्यांनी ते इतकं मनावर घेतलंय, की साप जवळ आला की तो थरथरत उभा राहतो, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. एवढ्या एकाच ठिकाणी मी भूमिकेला पूर्ण न्याय दिला. गेल्या पावसाळ्यात मागच्या खोलीत धामण निघाली होती तेव्हा मी पलंगावर अगदी असाच उभा होतो आणि बायकोनं काठीनं तिला अंगणापार नेऊन सोडलं होतं. मी आपला मान राखायला माहिती दिली, की सिनेमाच्या त्या दृश्यातले बरेचसे साप हे सापच नव्हते, बिनपायाचे सरडे होते.

“धामणबी बिनविषारीच होती,” बायको म्हणाली आणि मशाल घेऊन पुढं झाली.

दुसऱ्या सिनेमात शिरलो तेव्हा प्रेक्षकांत मामांची भर पडली. मामा राजूरच्या भूमिगत कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीतल्या डब्यांत बसून पळण्याचा टप्पा आला तसे ते सरसावून बसले आणि आमचा गेम तपासणीला लागला. टबात माणूस बसवायले परवानगी कोणं दिली? कॅप लॅम्प कुठी आहे? ब्रेकवाला कोण? मी वळणावर उलटलो, तेव्हा मामांनी समाधानानं मान हलवली. “होणारच होतं.” मधे अमरीश पुरी एकदोनदा झलक दाखवून गेला, पण नेमकं तेव्हा आईच्या जपाची वेळ होती. आणि राजवाड्यातली मेजवानी, ती माकडाच्या मेंदूची आणि सापांची, जिच्यामुळं हा सिनेमा आपल्याकडं बदनाम झाला, तिचं वर्णन मी सिनेमातल्यासारखं करून सांगितलं. त्या रात्री मला जेवायला कोणी बोलावलं नाही.

मग तो दिवस आला. दोराचा पूल, खाली खोल दरी, समोर मोला राम. मी आईला हाक मारली. काकू आल्या, मामा होतेच. आई पडद्याजवळ जाऊन निरखून पाहू लागली.

“हा?”

“हा.”

“हे तं बाहुलं आहे.”

लेगोच्या गेममध्ये सगळेच प्लास्टिकचे बाहुले असतात, हे आई इतके दिवस पाहत होती; पण अमरीश पुरी आला की तो तरी खराखुरा येईल असा तिचा हिशेब असावा. त्याहून वाईट पुढं होतं. त्या बाहुल्यानं तोंड उघडलं आणि ‘हं’, ‘ऊं’, ‘अर्र’ असं काहीतरी पुटपुटलं. २००८ च्या या गेममध्ये कोणीच बोलत नाही, सगळा मूकाभिनय आहे. अमरीश पुरी, आणि बिनआवाजाचा!

“आवाज कुठी गेला त्याचा?” आईनं मला विचारलं, जणू मीच काढून घेतला होता.

घरातला सिनेमाचा जाणकार म्हणून ती पोकळी भरणं मला भाग होतं. मी घसा खाकरला आणि मोला रामला आवाज दिला. खर्जातला, डोळे वटारून. काकू दचकल्या. मामा म्हणाले, भाचेबुवा, पाणी प्या. बायकोनं तेवढ्यात फटके मारून मोला रामला पार कडेला नेला होता, एक फटका बसला की तो दरीत. आईनं तिचा हात धरला.

“मारू नको व त्याले. किती दिवसानं आला बिचारा.”

“आजी, मारल्याशिवाय टप्पा पुरा होत नाही!” पोरगं कळवळून ओरडलं. “असं अर्ध्यावर सोडलं तर कार्डात काहीच राहत नाही. उद्या हा पूल पहिल्यापासून खेळा लागते.”

आईनं खुर्ची मागं सरकवली, चष्मा काढून पुसला.

“म्हणजे उद्या पुन्हा येते?”