घोरणारा की पळणारा?

आमच्या घरात सध्या दोन पक्ष आहेत, पगवादी आणि कारवानवादी. पहिल्या पक्षाच्या अध्यक्षा माझी बायको आणि सरचिटणीस आमची नववीतली लेक. दुसऱ्या पक्षात अण्णा एकटेच. पण ते मूळचे उदगीरकडचे, त्यामुळे एकटे पुरतात. आई तटस्थ आहे, म्हणजे तिला कुत्रंच नकोय. मी नेहमी सत्ताधारी पक्षाला मत देतो. सत्तेत कोण आहे ते रोज संध्याकाळी घरी आल्यावर कळतं.

पग सगळ्यांना ठाऊक आहे. २००३ साली हचच्या जाहिरातीत एका पोराच्या मागेमागे चालत तो घरोघरी शिरला. पुढे कंपनीचं नाव बदललं, तरी कुत्र्याला लोक ‘हचचं कुत्रं’च म्हणत राहिले. बायकोचा सगळा युक्तिवाद त्या मागेमागे येण्यावर उभा आहे. “या घरात मी हाक मारल्यावर कुणी उठून आलंय का कधी?” तिने विचारलं. मी आतून “आलो, आलो” म्हटलं आणि पेपर वाचत बसलो.

लेकीने इतिहास काढला. पग मूळचे चीनचे, राजवाड्यात मांडीवर बसणारे. व्हिक्टोरिया राणीने ते पाळले होते. विल्यम हॉगार्थ या इंग्रज चित्रकाराने तर १७४५ मध्ये स्वतःचं चित्र काढताना शेजारी आपला पग बसवला. हे चित्र तिने टॅबवर अण्णांना दाखवलं. अण्णांनी चष्मा वर करून बराच वेळ न्याहाळलं.

“ह्याला तर नाक हाय की,” ते म्हणाले.

आणि खरंच होतं! चित्रातल्या पगला बऱ्यापैकी तोंड आहे. पुढच्या पिढ्यांत माणसांना चपटं तोंड गोड वाटलं, म्हणून तशीच जोडी जुळवत जुळवत ते आत गेलं. कुत्रं आपल्यासारखं अंगभर घाम गाळून गार होत नाही, धापा टाकून होतं; आणि ज्याचं नाकच दाबून टाकलंय त्याने धापा टाकायच्या कशा? म्हणून पग घोरतो, उन्हात कासावीस होतो, आणि एप्रिल-मे त्याला गारव्यात काढावे लागतात.

“माझा पंखा घरघरतो तो कुणाला ऐकू येत नाही, आणि कुत्र्याला एसी?” तटस्थ पक्षाने पहिल्यांदा तोंड उघडलं. पगच्या चेहऱ्यावरच्या घड्या पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात, हे लेकीने प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर आई म्हणाली, “सुरकुत्यांपासूनच सुरुवात करायची तर घरात ज्येष्ठ मी आहे.” घोरण्याचा मुद्दा निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो विषय मी पुढे ढकलला.

आता कारवान. सोलापूर, लातूर, नांदेडकडे आणि पलीकडे मुधोळला मिळणारी ही शिकारी जात. कानाशेपटीला रेशमी झालर असली तर पश्मी म्हणतात. लांब तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जोपासली आणि पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली, असं सांगतात. २००५ मध्ये टपाल खात्याने ‘मुधोळ हाउंड’ या नावाने तिचं तिकीट काढलं, २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये कौतुक केलं. अण्णांना यातलं काहीच सांगायचं नसतं. त्यांच्या लेखी पुरावा एकच: त्यांच्या लहानपणी वाड्यात एक होता, ज्वारीची भाकरी आणि दूध खायचा, आणि सुटला की दिसायचा नाही, नुसती धूळ दिसायची.

प्रश्न असा की तो सुटायचा सशामागे. सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही एक बेरोजगार शिकारी आणणार. हे कुत्रं वासापेक्षा नजरेने शिकार धरतं. जे हललं त्यामागे निघालं. आमच्या गल्लीत मांजरं, खारी आणि जेवण पोचवणारी पोरं सोडून दुसरं काही हलतच नाही. साखळीच्या दुसऱ्या टोकाला मी असणार, हे लक्षात घ्या.

शिवाय त्याच्या बरगड्या दिसतात. धट्टाकट्टा असला तरी दिसतात, तशीच त्याची ठेवण आहे. पण रस्त्यावर लोक आधी त्याच्याकडे बघणार, मग माझ्या पोटाकडे, आणि त्याच्या वाट्याचं कोण खातं याचा हिशोब लावून मोकळे होणार. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही, पाहुणे आले की तो लांब जाऊन बसतो. या बाबतीत तो आणि अण्णा एकाच जातीचे.

सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून ठेवावं म्हणून गेलो. पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं तसं पत्रक आहे, हे त्यांना माहीत होतं; त्याचं दुःखही त्यांच्या चेहऱ्यावर होतं. “पग असेल तर प्रश्नच नाही,” ते म्हणाले. खांद्याशी २७ इंच उंच कुत्र्याचं सांगितल्यावर त्यांनी लिफ्टची क्षमता माणसांत लिहिलेली आहे याकडे माझं लक्ष वेधलं.

एव्हाना मला कळलं होतं की कुत्र्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. बायकोला हाकेला ओ देणारं कुणीतरी हवंय, लेकीला फोटोत मावेल असं हवंय, आणि अण्णांना वाडा परत हवाय. तो तिसऱ्या मजल्यावर आणता येत नाही म्हणून निदान त्यातलं कुत्रं. मला विचाराल तर पगला नाक नाही आणि आम्हाला अंगण नाही, तेव्हा दोन्ही अर्ज फेटाळावेत. हे मी बोललो तेव्हा दोन्ही पक्षांनी प्रथमच युती केली.

शेवटी मी सभा घेतली आणि एकच विचारलं: पहाटे साडेपाचला उठून त्याला फिरवणार कोण? पगला ऊन चढायच्या आत, कारवानला चांगलं पळवून. बायकोला सकाळी ऑफिसचे कॉल असतात. लेकीचा क्लास. अण्णांचे गुडघे. आई जपाला बसते.

तुमच्या घरी हा वाद चालू असेल तर जात ठरवायच्या आधी कोरा कागद घ्या, पहाटे उठणाऱ्याचं नाव लिहा आणि खाली त्याची सही घ्या. आमच्या कागदावर तूर्तास माझं एकट्याचं नाव आहे, तेही लेकीच्या अक्षरात.