नक्की का?

प्रत्येक मित्रमंडळात एक संशयात्मा असतो. कुलूप लावलं की तो त्याला लोंबकळून पाहतो. लिफ्टमध्ये 'कमाल सहा व्यक्ती' ही पाटी वाचली की आतल्यांच्या पोटांकडे नजर टाकतो. आमच्यातल्या या गृहस्थाचं नावच 'नक्की का?' पडलं आहे. स्वतःच्या लग्नात भटजी 'सावधान' म्हणाले, तेव्हा मांडवात तो एकटाच खरोखर सावध झाला होता. समर्थांसारखा पळाला मात्र नाही. बाहेर चपला जागेवर असतील याची खात्री नव्हती.

अशा माणसाला आम्ही हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला नेलं. डोळ्यांचा डॉक्टर, भूगोलाचा मास्तर, बँकवाला, मी आणि हा. कॉन्ट्री बँकवाल्याने गोळा केली. याने आपला हिस्सा दिला नाही. "आधी खर्च नक्की किती होतो ते कळू दे."

कसाऱ्याला जीप राजूरलाच जाते ना, हे त्याने ड्रायव्हरला विचारलं, टपरीवाल्याला विचारलं आणि आधीपासून आत बसलेल्या एका आजीलाही विचारलं. आजी म्हणाली, "न्हाई गेली तं चालत जाऊ."

पाचनईची वाट गडाच्या वाटांमध्ये सोपी. तिथे एका टप्प्यावर कातळ डोक्यावर छपरासारखा पुढे आलेला आहे. हा थबकला. "हे नक्की कधीपासून असं आहे?" हा सगळा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा खडक, असं मास्तरने अभिमानाने सांगितलं. "म्हणजे मुदत संपत आली," असं म्हणून तो तेवढा पट्टा पळत गेला.

वर केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेइतकं, हाडं गोठवणारं पाणी असतं. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे आणि तो कोसळला की जगबुडी, अशी समजूत आहे. आम्ही कुडकुडत प्रदक्षिणा घातली. याने काठावरूनच हात जोडले. "उगाच माझा धक्का लागायचा आणि नाव माझं यायचं."

पण खरा प्रसंग संध्याकाळी कोकणकड्यावर घडला. हा कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे उभं राहून त्याचं पोट दिसत नाही. काठावर पालथं पडायचं, छातीपर्यंत पुढे सरकायचं आणि मागे एकाने घोटे धरायचे, ही ट्रेकर मंडळींची जुनी रीत. खालून वर येणारा वारा तोंडावर आदळतो आणि थेट कोकण दिसतं. आम्ही एकेक जण पाहून आलो. हा येणार नाही असं आम्ही गृहीत धरलं होतं. तो म्हणाला, "पाहायचंय. पण पाय कोण धरणार?"

मग उमेदवारांच्या मुलाखती झाल्या. डॉक्टर बाद: "तू डोळ्यांचा. पायांचा तुला अनुभव नाही." मास्तर बाद: "हा बोलताना दोन्ही हात वापरतो." मी पुढे झालो, तर माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "तू नको. मी पडलो तर तुला लेख मिळेल." उरला बँकवाला. त्याच्याकडे पाहताना मात्र चेहरा उजळला. "तूच धर. मी तुझं देणं लागतो. तू थकबाकीदाराला सोडणार नाहीस."

आणि तो पालथा पडला. बराच वेळ पडून राहिला. एकही प्रश्न नाही. बँकवाल्याचे हात भरून आले, तरी त्याने पकड सैल केली नाही. परत आल्यावर म्हणाला, "फार सुंदर आहे. नक्की."

त्यानंतर जे झालं ते आमच्या ध्यानीमनी नव्हतं. पुन्हा एकदा खाली पाहावं असं सगळ्यांनाच वाटलं आणि पाय धरायला सगळ्यांना हाच हवा होता. कारण उघड होतं. जो माणूस स्वतःच्या पकडीवरही विश्वास ठेवत नाही, तो दोनदा पकडतो. मास्तरच्या घोट्यांवर त्याच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशी उतरतानाही दिसत होते. डॉक्टरला तर त्याने बुटांच्या नाड्या आधी तपासून मगच खाली झोपू दिलं.

रात्री पिठलं-भाकरी खाऊन आम्ही आडवे झालो. हा तंबूभोवती हिंडत होता. मेखा ठोकून झाल्या होत्या, त्या त्याने पुन्हा ठोकल्या, वर दगड ठेवले. आम्ही त्याला शिव्या घातल्या. मध्यरात्री वाऱ्याने असा जोर धरला की शेजारच्या कॉलेजच्या पोरांचा तंबू उठून झुडपात गेला. ती चार पोरं आमच्या तंबूत आली आणि याने त्यांना आत घेताना पादत्राणं बाहेर कुठे ठेवली हे विचारून घेतलं. धाडसी, हौशी, इतिहास तोंडपाठ असलेले मित्र ट्रेकला पुष्कळ भेटतात. गाढ झोप मात्र असल्या माणसाच्या भरवशावरच लागते.

पुढची मोहीम रतनगडाची ठरली आहे. बँकवाल्याचे पैसे त्याने अजून दिलेले नाहीत आणि बँकवाल्यानेही मागितलेले नाहीत.