किलोवरची खिडकी

वाशिमच्या नव्या वस्तीत एखाद्या घराचा स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं आणि भिंतींत चौकोनी भोकं दिसायला लागली की तिथं नाना येतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. असे नाना लाखाळ्यात आहेत, सिव्हिल लाइन्सला आहेत, रिसोडला आहेत आणि कारंज्याला तर गल्लोगल्ली आहेत. वय साठीच्या पुढं, नोकरीतून निवृत्त, पेन्शन वेळेवर आणि स्वतःचं घर बांधून झालेलं. यातली शेवटची अट महत्त्वाची. एकदा स्वतःचं घर बांधलेल्या माणसाला तेवढ्यानं समाधान होत नाही. उरलेलं आयुष्य तो दुसऱ्यांच्या घरांवर देखरेख करण्यात घालवतो. नाना मात्र बांधकामाच्या बाकीच्या अंगांत पडत नाहीत. पाया इंजिनिअरनं बघावा, दिशा गुरुजींनी सांगावी, टाइल्स घरच्या बायकांनी निवडाव्यात. नानांचं खातं एकच, खिडकी आणि तिचं ग्रील.

हात मागं बांधून ते भोकासमोर उभे राहतात आणि विचारतात, "चौकट कायची घेता?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. सागवान म्हटलं तर, "उधई लागन. आन् आजकालचं सागवान कुठी सागवान राह्यलं?" लोखंडी म्हटलं तर, "दोन पावसाळ्यांत खालचा कोपरा सडते." ॲल्युमिनियमचं स्लायडिंग म्हटलं की नाना हसतात. "दोन पल्ल्यांची खिडकी घेता अन् हवा एकाच पल्ल्याची. पैसे पुरे, उघडते अर्धी." त्यात आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात उडते आणि स्लायडिंगच्या खाचेत बसते, हेही ते सांगतात. यूपीव्हीसीचं नाव काढलं तर मात्र ते गंभीर होतात. "प्लास्टिकच्या खिडकीत राहाचं व्हय?"

गंमत अशी की नाना बहुतेक वेळा बरोबर असतात. लोखंड सडतं ते खालच्याच कोपऱ्यात, कारण पाणी तिथंच थांबतं. ग्रीलसाठी पोकळ चौकोनी पाइप वापरला तर तो आतून गंजतो आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत हसरा राहतो. म्हणून भरीव बार घ्यावा, हेही खरं. त्यांचं चुकतं ते एवढंच की बरोबर असलेली गोष्ट ते मालकाला त्याच्याच घराच्या ओट्यावर, त्याच्या सासऱ्यांसमोर सांगतात.

खिडकीत लक्ष घालायची ही खोड आजची आहे असंही नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानं पाचव्या शतकात अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून भिक्षुसंघाला दिलं आणि तिथल्या शिलालेखात लेण्याचं वर्णन करताना खिडक्या-दारांचा आवर्जून उल्लेख करून ठेवला. एवढा मोठा अमात्य, मागं राज्याचा व्याप. तरी खिडक्या सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही. हे कुणीतरी सांगितल्यापासून नाना वराहदेवाला आपल्यातलाच मानतात. त्यांची शंका एकच. "दगडात कोरली, रंगाचा खर्च वाचला. पण माकडाचं काय केलं त्यानं?"

माकडांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडं वानरं टोळीनं येतात. नक्षीच्या ग्रीलला आडव्या पट्ट्या, गोल, मोराचे पाय, कमळाच्या पाकळ्या असलं बरंच काही असतं आणि त्या प्रत्येकावर वानराचा पाय बसतो. हौसेनं केलेली नक्षी म्हणजे गच्चीवरच्या कुरड्यांपर्यंत जाणारा जिनाच. जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना ही अडचण नव्हती. सागवानी चौकटीत उभे गोल गज, मध्ये एक-दोन आडव्या पट्ट्या आणि पट्टीला पाडलेल्या भोकांतून आरपार गेलेले तेच गज. वेल्डिंगचा टाका नाही, नक्षी नाही. वर चढायला जागा नाही आणि पाणी साठायलाही नाही. नाना अशा खिडक्यांची मनापासून स्तुती करतात. स्वतःच्या घराला मात्र त्यांनी मोर बसवला आहे.

नानांचं खरं रूप पाहायचं तर पुसद नाक्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानात पाहावं. ग्रील किलोवर मिळतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर पटत नाही. खिडकी कितीही सुंदर असो, शेवटी ती काट्यावर चढते आणि सोयाबीनच्या पोत्यासारखी तिची किंमत ठरते. नक्षी जास्त तर वजन जास्त, वजन जास्त तर पैसे जास्त. म्हणजे सौंदर्य इथं शब्दशः वजनदार. नानांचा पहिला नियम आहे: वजन रंग लावायच्या आधी. "रंगाचे पैसे लोखंडाच्या भावात कायले देऊ?" दुसरा नियम म्हणजे वेल्डिंगची खपली हातोडीनं ठोकून काढल्यावरच काटा. तिसरा नियम त्यांच्या डोक्यात असतो आणि तो त्यांनी कधीकाळी एका सेंट्रिंगवाल्याकडून घेतला आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं. आलं एका मीटरचं वजन किलोत. भारतभरातले सळई बांधणारे हाच हिशेब करतात आणि तो चोख आहे.

शेजाऱ्याच्या खिडकीसाठी एकदा नानांनी कागदावर आधीच आकडा काढून आणला होता. १२ एमएमचा बार, २० मीटर. १४४ भागिले १६२, गुणिले २०, पावणेअठरा किलो. ग्रील काट्यावर चढलं. साडेबावीसच्या वर आकडा थांबला.

नानांनी चष्मा काढला. "पाच किलोचा घोळ हाय."

दुकानदार वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून बघत होता. "काटा सरकारी शिक्क्याचा हाय, नाना."

"काटा बराबर असन. लोखंडात काहीतरी भरलं तुम्ही."

तेवढ्यात आयटीआय करून आलेला दुकानातला पोरगा पुढं झाला. त्यानं नानांचा कागद पाहिला, मग ग्रील पाहिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "नाना, हे गोल सळईचं गणित हाय. हा बार चौरस हाय. चार कोपऱ्यांचं वजन कोन धरीन?"

दुकानात शांतता पसरली. पोरानं तिथल्या तिथं चौरस बाराचं गणित करून दाखवलं. मीटरला १.१३ किलो, गोल असता तर ०.८९. वीस मीटरला फरक पावणेपाच किलोंचा. नानांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि शेजाऱ्याकडं वळून म्हणाले, "म्हून मी म्हनत होतो, गोल घ्या." त्यांनी असं कधीच म्हटलं नव्हतं. तरी शेजारी मान हलवत राहिला. त्याला अजून सात खिडक्या करायच्या होत्या आणि प्रत्येक वेळी नाना बरोबर असणार होते.

रंगाच्या बाबतीत मात्र नानांना हात लावायची कुणाची टाप नाही. घासपेपर मारल्याशिवाय प्रायमर नाही, प्रायमरचा हात भिंतीत बसवायच्या आधी आणि दोन्ही बाजूंनी, कारण बसवल्यावर भिंतीकडच्या बाजूला ब्रश पोचत नाही आणि गंजाला मात्र रस्ता सापडतो. जिलेबीच्या नक्षीला तर ते शापच देतात. "जिलेबीच्या आत ब्रश जाते का? रंगारी वरून चोपडते, आतून गंज खाते." रंगारी हे ऐकतो, "हो नाना" म्हणतो आणि वरूनच चोपडतो.

आणि मग सोयाबीन. आमच्या जिल्ह्यात ग्रीलच्या रंगावरून सोयाबीनचा भाव सांगता येतो. दसऱ्याच्या आसपास माल बाजार समितीत जातो, पैसे हातात येतात आणि दिवाळीच्या आधी ग्रीलवर ऑइलपेंटचे दोन हात बसतात. भाव पडला की घर रेड ऑक्साइडवरच दिवाळी करतं. २०२४ च्या खरिपाला हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये आणि बाजारातले सौदे त्याच्या बरेच खाली होत होते. त्या दिवाळीत ज्या नव्या घरांच्या खिडक्या विटकरी राहिल्या, त्यांच्या मालकांनी कुणालाच काही समजावून सांगितलं नाही. नाना त्या घरांवरून जाताना सल्ला देत नाहीत, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम नोंदवायला हवं. घरी येऊन बायकोला तेवढं सांगतात, "नुसतं ऑक्साइड पावसाळा काढत नाही. ओल शोषून घेते ते."

नव्या पैशाची घरं वेगळी. समृद्धी महामार्गात ज्यांचं शेत गेलं, त्यांच्यातल्या काहींचे बंगले शेलूबाजाराकडं उभे राहिले आणि त्यांच्या खिडक्यांवर यंत्रानं कातरलेल्या पत्र्याची जाळी आली, काहींवर स्टेनलेस स्टील आलं. नाना स्टीलवाल्याकडं जाताना खिशात जुन्या स्पीकरमधलं चुंबक ठेवत. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर असली ३०४ प्रतीचं स्टील, असा त्यांचा न्याय. दुकानदारानं ३०४ म्हणून दिलेल्या ग्रीलला चुंबक चिकटलं नाही, नाना खूश झाले आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ग्रीलवर चहाचे डाग पडावेत तसे ठिपके उठले. २०२ प्रतीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी असतं आणि ते चुंबकाला कळत नाही, फक्त पावसाला कळतं. त्यानंतर नानांनी चुंबक टाकून दिलं असेल असं वाटलं होतं. परवा ते ॲल्युमिनियमच्या दुकानात चुंबक लावून बघताना दिसले. चिकटलं नाही. नाना समाधानानं बाहेर पडले.

वास्तुशांतीलाही ते थोडा वेळ खिडकीपाशी असतात. दोन गजांमधलं अंतर चार इंचांवर गेलं तर लेकराचं डोकं अडकतं, म्हणून पूजेचा नारळ ते ग्रीलमधून घालून बघतात. गुरुजी थांबून राहतात. नारळ अडकला की नाना तो कलशावर परत ठेवतात आणि मग पुढचे मंत्र सुरू होतात.

आता नानांच्या मोराविषयी. समोरच्या खोलीची खिडकी, पाच बाय चार, मधोमध पिसारा फुलवलेला मोर, वर उगवता सूर्य. काळा रंग, पिसाऱ्याच्या टोकांना सोनेरी. हा मोर घराच्या आतून पाहिला तर उलट्या दिशेला तोंड करून दिसतो. तो रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी आहे आणि सगळीच नक्षी तशीच असते, खर्च आतल्याचा, दर्शन बाहेरच्याला. नानांना त्याचा सार्थ अभिमान होता. मार्च उजाडला. नानी म्हणाल्या, "कुलर कुठी बसवाचा?"

विदर्भात हा प्रश्न खिडकी निवडण्याच्या आधी विचारायचा असतो. आमच्याकडं पारा ४३-४४ ला टेकतो, आणि तेव्हा खिडकी ही उजेडासाठी नसते, वाऱ्यासाठीही नसते. ती कुलरचं तोंड आत यावं म्हणून असते. नानांनी दुसऱ्यांना कुलरची जागा सोडून ग्रील करायला सांगितलं होतं, स्वतःच्या वेळी मोराच्या नादात राहून गेलं. बाकीच्या खिडक्यांसमोर शेजाऱ्याची भिंत. नानी बोलत काहीच नव्हत्या, फक्त पदरानं वारा घेत होत्या. तिसऱ्या दिवशी नाना स्वतः वेल्डिंगवाल्याला घेऊन आले.

गॅस कटरनं मोराचं पोट चौकोनी कापलं गेलं. डोकं राहिलं, पिसाऱ्याची टोकं राहिली, मध्ये कुलर आला. बोअरच्या पाण्याचे क्षार सोनेरी टोकांवर पांढरे बसतील आणि ओल आधी याच खिडकीला खाईल, हे नानांना ठाऊक होतं. ते ओट्यावर गप्प उभे होते. दुकानातला पोरगा कापलेला तुकडा उचलून भंगाराच्या ढिगाकडं निघाला तेव्हा त्यांचा आवाज फुटला.

"थांब. वजन कर त्याचं."

"नाना, कापेल माल हाय."

"मी किलोवर घेतला होता. जेवढा परत गेला तेवढे पैसे वापस पायजेत. भंगाराच्या भावात नाही, ग्रीलच्या भावात."

पोरानं तुकडा तागडीत टाकला. तीन किलो दोनशे. नानांनी खिशातून कागद काढला आणि गुणाकार सुरू केला. पोरगा म्हणाला, "अन् कटिंगचे चारशे वेगळे."