सगळं जोडीनं, समुद्र सोडून

एकावर भागवणं बोलिव्हियाच्या स्वभावातच नाही. राजधान्या दोन : घटनेनं मान दिला सुक्रेला, पण राष्ट्राध्यक्ष आणि संसद नांदतात ला पाझमध्ये. राष्ट्रीय फुलं दोन : डोंगराकडचं कांतुता, सखल भागातलं पातुहू. झेंडेही दोन : लाल-पिवळा-हिरवा जुना तिरंगा आणि 2009च्या घटनेनं त्याच्या शेजारी आणून बसवलेला, मूलनिवासींचा सप्तरंगी चौकटींचा विफाला. अधिकृत भाषा सदतीस. दोन्हीकडच्या व्याह्यांचा मानपान एवढ्या काटेकोरपणे सांभाळणारा यजमान आपल्याकडच्या कार्यालयांतही विरळाच.

राजचिन्हात तर पाय ठेवायला जागा नाही. वर पंख पसरलेलं काँडर गिधाड, आत पोतोसीचा डोंगर, उगवता सूर्य, ताडाचं झाड, गव्हाची पेंढी आणि एक अल्पाका. भोवती झेंडे, बंदुका, तोफा. ज्या डोंगरातली चांदी स्पेननं शतकानुशतकं उपसून नेली, तो चिन्हात तरी शाबूत आहे. एवढ्या गर्दीत अल्पाका तेवढा निवांत. त्याला कुणी मत विचारलेलं नसावं.

तळाशी तारे दहा आहेत. प्रांत मात्र नऊच! दहावा तारा गेलेल्या किनारपट्टीचा. 1878मध्ये बोलिव्हियानं तिथून निघणाऱ्या सोऱ्यावर क्विंटलमागं दहा सेंटाव्होंचा कर बसवला, 1879मध्ये युद्ध पेटलं आणि किनारा चिलीकडं गेला. दहा पैशांच्या वसुलीत अख्खा समुद्र घालवल्याचं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही. पण खचतील ते बोलिव्हियन कसले! त्यांचं आरमार आजही आहे. ते नद्यांवर आणि 3,800 मीटर उंचीवरच्या तितिकाका सरोवरात कवायत करतं. दर 23 मार्चला समुद्रदिन साजरा होतो. 2018मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं चिलीवर वाटाघाटींचं बंधन नाही असा निकाल दिला. समुद्रदिन काही रद्द झाला नाही.

पर्यटकाची परीक्षा विमानतळावरच सुरू होते. एल आल्तोचा विमानतळ 4,000 मीटरहून उंच; तिथं बॅग उचलली की आपण एव्हरेस्टवीर आहोत असं फुप्फुसांना वाटू लागतं. यावर स्थानिक उतारा कोकाच्या पानांचा चहा. खाली ला पाझला जायला, 2014पासून, केबल कार आहे. इतरांच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत ऐटीत उतरता येतं. शहरात झेब्रा क्रॉसिंगवर झेब्र्याचा पोशाख घातलेली तरुण मुलं वाहनं थोपवतात. संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ 2014पासून उलटं फिरतं. दक्षिण गोलार्धात छायाघड्याळाची सावली उलटीच फिरते, मग आपण उत्तरेचं का ऐकायचं, असा सरकारचा रोकडा सवाल.

आणि सगळ्यांत मोठं आकर्षण कोणतं? उयुनीचं मिठागर! प्राचीन सरोवरं आटून उरलेलं, 10,000 चौरस किलोमीटरहून मोठं, जगात सर्वांत विस्तीर्ण. पावसाळ्यात त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि आभाळ पायाखाली येतं. समुद्र नसलेल्या देशाकडं जगातलं सर्वांत मोठं मिठागर असावं, हा विनोद निसर्गाचा. त्यात माझा हात नाही.

तेव्हा जरूर जा. पहिल्या दिवशी जिने चढू नका, चहाला नाही म्हणू नका, आणि कोणी आरमाराविषयी बोलू लागलं तर हसू दाबून ऐका. चिलीच्या किनाऱ्यांचं कौतुक मात्र विमान सुटेपर्यंत पोटातच ठेवा.